सोप्या गणिताचं अवघड शिकवणं

जून महिन्यात शाळांमध्ये वर्गवाटप होतं तेव्हा एक गोष्ट बहुतेक ठिकाणी न बोलताच ठरलेली असते. गणितात गती असलेला शिक्षक वरच्या वर्गांना जातो आणि पहिली-दुसरी 'सांभाळायला' कुणाला तरी दिली जाते. दहापर्यंत अंक, शंभरपर्यंत संख्या, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी. यात शिकवायला अवघड ते काय? ज्याला स्वतःचा हिशेब जमतो त्याला हे शिकवता येईलच, अशी समजूत असते. ती पालकांची असते, संस्थाचालकांची असते आणि कित्येकदा खुद्द शिक्षकांचीही असते.

ही समजूत किती खरी हे तपासायला दुसरी-तिसरीच्या वहीतलं एकच गणित पुरे. ५२ वजा २७. मुलाने उत्तर लिहिलंय ३५. शिक्षक लाल फुली मारतात, हातचा विसरलास म्हणतात आणि फळ्यावर रीत पुन्हा करून दाखवतात : दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक घ्या, पाचाचे राहिले चार, दोनाचे झाले बारा. मूल मान डोलावतं, पुढचं उदाहरण बरोबर सोडवतं आणि आठवड्याभरात पुन्हा तसलंच उत्तर आणतं.

ते विसरलेलं नव्हतंच. त्याने दोन आणि सात पाहिले, लहान संख्येतून मोठी जात नाही हे त्याला पहिलीपासून सांगितलं होतं, म्हणून त्याने सातातून दोन काढले. मग पाचातून दोन काढले. त्याच्या हिशेबी नियम पाळला गेला. शिवाय त्याच्या नजरेला ५२ या संख्येत पन्नास दिसतच नाहीत, शेजारी शेजारी उभे असलेले एक पाच आणि एक दोन दिसतात. शिक्षकांनी रीत दहा वेळा दाखवली तरी हा गैरसमज जागचा हलत नाही, कारण रीत त्याला स्पर्शच करत नाही. 'एक घ्या' म्हणताना प्रत्यक्षात दहा घेतले जातात, हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. कित्येकदा सांगणाऱ्यालाही ते सांगण्याजोगं वाटलेलं नसतं.

ही एखाद्या वहीतली गोष्ट नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुलं ३०.७ टक्के निघाली. २०२२ मध्ये हेच आकडे २५.९ आणि २५.६ होते, म्हणजे सुधारणा नक्की झाली आहे आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने पायाभूत गणिताकडे लक्ष वेधलं हेही खरं. तरीही तिसरीतली दर तीन मुलांपैकी दोन मुलं या एका गणितापाशी अडली आहेत.

यावर उपाय म्हणून गेली काही वर्षं एकच शब्द ऐकू येतो : रंजकता. गणित रंजक करा, हसतखेळत शिकवा, गाण्यातून शिकवा, ॲपवर शिकवा. या शब्दाला कुणाचाच विरोध असायचं कारण नाही. प्रश्न इतकाच, की रंजकता आणायची कुठून? बाहेरून आणून गणितावर चढवायची, की गणितातच ती आहे आणि ती दिसेल असं शिकवायला शिकायचं? पहिली वाट सोपी म्हणून लोकप्रिय आहे. दुसरीला शिक्षकाची तयारी लागते, आणि मुलांच्या उपयोगी पडते ती दुसरीच.

महाराष्ट्राला यातलं काहीच नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम उभं केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मात्र त्या साधनांमागे नेमका विचार होता. माँटेसरींच्या मण्यांचंच घ्या. एकक म्हणजे सुटा मणी, दशक म्हणजे दहा मण्यांची कांडी, शतक म्हणजे अशा दहा कांड्यांचा चौकोन, हजार म्हणजे दहा चौकोनांचा ठोकळा. सुटा मणी चिमटीत मावतो, हजाराचा ठोकळा दोन हातांनी उचलावा लागतो. स्थानिक किंमत हा शब्द ऐकायच्या आधीच मुलाच्या हातांना ती कळलेली असते. साधन रंगीत आहे म्हणून ते गुंतवतं असं नाही, दहाच्या पटीचा कणा त्यात उघडा दिसतो म्हणून गुंतवतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा राज्यभर गाजल्या. ज्ञानरचनावादी पद्धतीने तिथली मुलं गटात बसून, खडे-काड्या-मणी हाताळत, फरशीवरच्या आखणीत खेळत शिकत होती. राज्यातून शिक्षकांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. परतल्यावर फरशी रंगवणं सगळ्यांना जमण्यासारखं होतं, गावातून वर्गणीही मिळत होती. मुलाला कोणता प्रश्न केव्हा विचारायचा आणि त्याचं उत्तर ऐकून पुढे काय करायचं, हे मात्र सहलीत बघून उचलता येत नव्हतं. त्यामुळे अनेक ठिकाणी फरशी बदलली आणि तिच्यावर बसून चाललेलं गणित तसंच राहिलं.

नुसत्या खेळाने काय होतं आणि काय होत नाही याचा एक नेटका पुरावा दिल्लीत मिळाला आहे. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'प्रथम' या संस्थेच्या २१४ बालवाड्यांमधल्या १,५४० मुलांवर तो केलेला होता. काही मुलांना चार महिने गणिताचे खास खेळ दिले : ठिपक्यांच्या दोन पुंजक्यांतला मोठा कोणता, आकृत्यांमधली वेगळी कोणती, असे. मुलं खेळली, त्यांची ही जाण वाढली आणि वर्षभरानंतरही ती टिकून होती. पण शाळेतलं अंकांचं गणित शिकायला त्याचा टिकाऊ फायदा झाला नाही. खेळातली जाण आणि पाटीवरचा अंक यांच्यामध्ये दरी होती आणि ती आपोआप भरून निघाली नाही. खेळ वाया गेला असा याचा अर्थ नाही. खेळापासून चिन्हापर्यंत मुलाला आणायला कुणीतरी लागतं, असा आहे.

मग गणितातली खरी गोडी कशी दिसते? अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या एका तिसरीच्या वर्गात जानेवारी १९९० मध्ये घडलेला प्रसंग शिक्षक-शिक्षणाच्या क्षेत्रात आता प्रसिद्ध आहे. शिकवत होत्या डेबोरा बॉल. विषय होता सम आणि विषम संख्या. अभ्यासात शॉन या नावाने ओळखला जाणारा एक मुलगा म्हणाला, की सहा ही संख्या सम आहे आणि विषमसुद्धा. कारण सहात दोनाचे तीन गट होतात आणि तीन विषम आहे.

उत्तर चुकीचंच होतं. 'नाही, सहा सम आहे' असं म्हणून बॉल पुढे जाऊ शकल्या असत्या, घड्याळाच्या दृष्टीने ते बरोबरही ठरलं असतं. त्यांनी ते वर्गापुढे ठेवलं. मुलं फळ्यापाशी आली, त्यांनी रेघा काढल्या, गट केले. एका मुलीने हरकत घेतली : असं असेल तर दहाचंही तसंच होईल, त्यात दोनाचे पाच गट आहेत. शॉन बधला नाही, उलट त्याने तिचे आभार मानून दहालाही आपल्या यादीत घेतलं. वाद रंगला आणि त्यात वर्गाला दोन गोष्टी सापडल्या. सम म्हणजे नक्की काय हे सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय वाद मिटणार नाही, ही पहिली. आणि सहा, दहा, चौदा, अठरा या संख्यांचं खरोखरच काहीतरी वेगळं आहे, ही दुसरी. त्या विषम संख्येच्या दुप्पट आहेत आणि चाराच्या अंतराने येतात. वर्गाने त्यांना 'शॉनच्या संख्या' असं नाव दिलं. त्या तासाला गाणं नव्हतं, चित्रफीत नव्हती, बक्षीस नव्हतं. आठ-नऊ वर्षांची मुलं व्याख्येवरून भांडत होती, आणि व्याख्येवरून भांडणं हे गणितज्ञांचं काम आहे.

असा तास घेता येण्यासाठी बाईंना काय काय येत होतं ते पाहायला हवं. चुकीच्या उत्तरात विचार आहे हे ऐकता क्षणी ओळखणं. तो विचार कुठे जाऊ शकतो याचा गणिती अंदाज असणं. आणि किती वेळ थांबायचं याचं भान. विद्यापीठातल्या गणिताच्या पदवीत यातलं काही शिकवत नाहीत आणि बालमानसशास्त्राच्या पुस्तकातही ते सरळ सापडत नाही. ली शुलमन या अभ्यासकाने १९८६ मध्ये हेच मांडलं होतं. विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याच्या तंत्रांचं ज्ञान वेगळं, आणि तो विशिष्ट विषय शिकणाऱ्याला कसा दिसतो, तो कुठे अडतो, कोणत्या उदाहरणाने मोकळा होतो, हे तिसरं ज्ञान आहे.

या तिसऱ्या ज्ञानाची उणीव किती खोल असू शकते हे लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकाने दाखवलं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना काही साधे प्रश्न विचारले. त्यातला एक : पावणेदोनाला अर्ध्याने भागा आणि त्यावर मुलांसाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. अमेरिकेतल्या २१ शिक्षकांनी गणित सोडवून पाहिलं, बरोबर उत्तरापर्यंत पोचले ९. गणिताच्या दृष्टीने अचूक गोष्ट रचता आली एकाच शिक्षकाला. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं आणि त्यांतल्या ६५ जणांनी मिळून ऐंशीहून अधिक उदाहरणं रचली. गंमत अशी, की शिक्षणाची वर्षं मोजली तर अमेरिकी शिक्षक पुढे होते. ते पदवीधर होते, चिनी शिक्षक शालेय शिक्षणानंतर अध्यापक विद्यालयात गेलेले. फरक पदवीने पडला नव्हता. चिनी शिक्षक रोज शेजारच्या शिक्षकाशी पाठ्यपुस्तकातल्या एकेका उदाहरणावर बोलत होते.

मराठी वाचकाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या, ही गोष्ट पटकन सुचते. ती अर्ध्याने भागण्याची नाही, दोनाने भागण्याची आहे. अनेक अमेरिकी शिक्षकांची गफलत नेमकी अशीच होती. पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या भरतील? तीन पिशव्या भरतील आणि चौथी निम्मी. उत्तर साडेतीन. भागाकार करूनही उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं का आलं, हे या गोष्टीत न समजावता समजतं.

दुधाच्या पिशव्यांची ही गोष्ट सुचणं म्हणजे शिकवता येणं. ती सुचत नाही म्हणून 'उलटा करा आणि गुणा' हा मंत्र वर्गात राज्य करतो.

आता पुन्हा ५२ वजा २७ कडे. शिक्षकाने हे गणित मुलांसमोर काड्यांच्या गठ्ठ्यांवर मांडलं तर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिसतात. सत्तावीस द्यायच्या आहेत. दोन गठ्ठे देणं सोपं. सात सुट्या कुठून आणायच्या? मूल एका गठ्ठ्याचं रबर काढतं. कुणी न सांगता काढतं. हातचा म्हणजे काय ते त्या रबराच्या निघण्यात आहे. पाचाचे चार झाले कारण गठ्ठा एक कमी झाला, दोनाचे बारा झाले कारण दहा काड्या सुट्या झाल्या. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. एकूण काड्या बावन्नच आहेत, मांडणी तेवढी बदलली.

त्याच वर्गातलं दुसरं मूल शंभर मण्यांच्या गणितमाळेवर वेगळीच वाट काढतं. माळेत दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे असे असतात. ते सत्ताविसाव्या मण्यावर बोट ठेवतं, तीन मणी पुढे जाऊन तिसावर येतं, तिथून वीस पुढे पन्नासावर, आणखी दोन पुढे बावन्नावर. तीन, वीस, दोन. पंचवीस. वाणी सुटे पैसे परत देताना हेच करतो. या मुलाने हातचा घेतलाच नाही आणि त्याची रीत कुठेही कमअस्सल नाही. पहिल्याने वजाबाकी म्हणजे काढून घेणं असं पाहिलं, दुसऱ्याने दोन संख्यांतलं अंतर पाहिलं. दोन्ही रिती फळ्यावर शेजारी मांडून 'दोघांचंही उत्तर सारखं का आलं?' असं विचारलं, की वर्गाला बोलायला विषय मिळतो. दुसरी रीत 'पुस्तकात नाही' म्हणून खोडली, तर एका विचार करणाऱ्या मुलाला गप्प बसवण्याचं काम चोख होतं.

वजाबाकीचे हे वेगवेगळे चेहरे शिक्षकाला माहीत असणं किती कामाचं, याचा पुरावा विस्कॉन्सिनमध्ये मिळाला. थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांबरोबर केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या शिक्षकांनी उन्हाळ्यात चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं. त्यात पाठांचे नमुने दिले नाहीत, वर्गात अमुक असंच करा असं बांधून घातलं नाही. बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणं किती प्रकारची असतात आणि लहान मुलं ती कोणकोणत्या रितींनी सोडवतात, एवढाच विषय. 'आठ बिया होत्या, पाच दिल्या' हे उदाहरण मूल सोडवतं. 'माझ्याकडे आठ, तुझ्याकडे पाच, माझ्याकडे किती जास्त?' इथे तेच मूल अडतं, कारण कुणी काही दिलेलंच नाही. वर्ष संपलं तेव्हा या शिक्षकांच्या वर्गातली मुलं उदाहरणं सोडवण्यात पुढे होती. आणि या शिक्षकांनी बेरजा-वजाबाक्यांच्या घोकंपट्टीला तुलनेने कमी वेळ दिला होता, तरी त्या तोंडपाठ असण्यातही त्यांचीच मुलं सरस ठरली.

गणित शिकवताना आकडे कोणते निवडायचे, यावरही तास उभा राहतो किंवा कोसळतो. जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठाचा सामूहिक अभ्यास करण्याची जुनी प्रथा आहे. एका शाळेतले शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतला एक तो घेतो, बाकीचे मुलांच्या वह्यांमध्ये डोकावत टिपणं काढतात आणि नंतर चर्चा होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे. हिरोशिमाजवळच्या एका प्राथमिक शाळेतला पहिलीच्या वजाबाकीचा असा एक पाठ माकोतो योशिदा यांनी तपशिलात नोंदवला आहे. अनुभवी माणसं तिथे पहिल्या उदाहरणात कोणते दोन आकडे घ्यावेत यावर गंभीरपणे बोलत बसलेली दिसतात.

हा वेळकाढूपणा नाही. १३ वजा ९ दिलं, तर मूल दहातून नऊ काढतं, उरलेला एक आणि वरचे तीन मिळवतं. १२ वजा ३ दिलं, तर आधी वरचे दोन जातात, मग दहातून एक. १४ वजा ७ दिलं, तर ज्याला सात नि सात चौदा पाठ आहे ते उत्तर फेकून मोकळं होतं आणि वर्गात विचार असा दिसतच नाही. तीनही गणितं पुस्तकाच्या लेखी एकाच प्रकारची. शिकवणाऱ्याला ती तीन वेगळी दिसली पाहिजेत.

मराठीतून शिकवणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. आपण आधी तीन उच्चारतो, मग साठ, आणि लिहिताना उलट. एकोणपन्नास म्हणताना तर पन्नासाचं नाव घेऊन चाळिशीतली संख्या सांगतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची दुसरी सोय दिली तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. दक्षिणेतल्या भाषांमध्ये संख्या अशाच क्रमाने वाचतात, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. टिंगल झाली ती परंपरेची ढाल पुढे करून. पण त्या सगळ्या गोंधळात वर्गातल्या शिक्षकाने काय करायचं यावर बोलणं फार थोडं झालं. साठ-तीन म्हणा की त्रेसष्ट, सहा गठ्ठे आणि तीन काड्या समोर असल्याशिवाय दोन्ही पोकळच. जुनी नावं राहोत, ती राहावीतच. ती अवघड का जातात हे जाणणारा शिक्षक मात्र मुलावर खेकसणार नाही.

'व्यवहारातलं गणित द्या, मुलं आपोआप रमतील' हाही एक आवडता उपाय आहे. त्याला ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या एका प्रसिद्ध अभ्यासाचा आधार दिला जातो. १९८५ च्या त्या अभ्यासात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलांनी गिऱ्हाइकापुढचे ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तशाच आकड्यांची नुसती आकडेमोड कागदावर दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ क्रुझेरोंचा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, मग सहांचे २१०, नवांचे ३१५, आणि एक मिळवून ३५०. दहाने गुणताना शून्य जोडायचं हे शाळेचं शहाणपण त्याच्या जवळपासही नव्हतं. आणि तरी संख्या फोडून गुणायचा नियम तो सराईतपणे वापरत होता.

या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात तरबेज, शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितांत अडणारी. शाळेत जाणारी आणि बाजाराचा अनुभव नसलेली मुलं बरोबर उलटी. एकीकडचं दुसरीकडे गेलं नाही. म्हणून पुस्तकात भाजीवाल्याचं चित्र छापलं की व्यवहार आणि गणित जुळले, असं होत नाही. आठवडी बाजारात आईच्या पाटीशेजारी बसणाऱ्या मुलीने केलेला हिशेब फळ्यावर चिन्हांत लिहून दाखवणं आणि 'तू केलंस ते हे आहे' असं तिला म्हणणं, हे काम कुणी माणूसच करू शकतो. त्यासाठी तिची रीत त्याला आधी कळावी लागते.

या सगळ्यावर एक जुना आक्षेप येणारच : आमच्या पिढीने पाढे घोकले, पावकी-निमकी-पाऊणकी म्हटली, छडी खाल्ली आणि आमचं गणित उत्तम झालं. यात तथ्य आहे. सात आठे छपन्न हे क्षणात आठवणाऱ्या मुलाचं डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं, हे कुणीही नाकारू नये. अपूर्णांकांचे पाढे असणारी परंपरा ही फेकून देण्यासारखी चीज नाही. पण त्या वर्गांतून ज्यांचं गणित उत्तम झालं तेच आज हे सांगायला उरले आहेत. ज्यांनी गणितापायी शाळा सोडली ते लेख लिहीत नाहीत. आणि पाठांतर व समज यांत निवड करावी लागते हेच मुळात चूक आहे. आठाचा पाढा चाराच्या पाढ्याच्या दुप्पट आहे हे मुलाला एकदा दिसलं, की अर्धा पाढा आपोआप पाठ होतो आणि विसरला तर पुन्हा बांधता येतो. विस्कॉन्सिनची मुलं कमी घोकूनही पुढे गेली ती अशीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराची नोंदवही, निवडणुकीचं काम आणि रोज भरायच्या ऑनलाइन माहित्या. यात शॉनचं ऐकायला वेळ कुणाला? ही तक्रार खरी आहे आणि शिक्षकांवरचा कामाचा हा बोजा उतरवल्याशिवाय कुणीही त्यांना उपदेश करू नये. मात्र प्रशिक्षणाला वेळ नाही असं नाही. वेळ दिला जातो, तो जातो कुठे हा प्रश्न आहे. ऑनलाइन प्रशिक्षणाची चित्रफीत संपते, प्रमाणपत्र छापून येतं. अध्यापक विद्यालयात सराव पाठासाठी टाचण लिहिलं जातं, त्यात शैक्षणिक साहित्याचा रकाना भरला जातो, आणि 'मुलं इथे काय चुकतील आणि का' असा रकाना टाचणात नसतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ सादर होतो. तो आधीच आदर्श असल्याने टाळ्या वाजतात आणि त्यातून शोधायला काही उरत नाही.

खरं तर हीच मासिक शिक्षण परिषद महाराष्ट्राच्या हातात असलेली सगळ्यात उपयोगी व्यवस्था आहे. जपानने जे प्रथेने कमावलं त्यासाठी लागणारा सांगाडा इथे तयार आहे : एका केंद्रातले शिक्षक, महिन्यातून एक दिवस, एका छताखाली. त्या दिवसातला एक तास असा द्यावा. प्रत्येकाने आपल्या वर्गाला दिलेल्या एकाच गणिताच्या वह्या आणाव्यात. चुकलेली उत्तरं टेबलावर पसरावीत आणि त्यांची वर्गवारी करावी : हा नियम चुकीचा लावला, ही संख्या उलटी ऐकली, इथे मूल बरोबर होतं पण रीत वेगळी होती. मग प्रत्येक गठ्ठ्यासाठी उद्या वर्गात विचारायचा एक प्रश्न ठरवावा आणि पुढच्या महिन्यात तो चालला की नाही ते सांगावं. यात कुणाची तपासणी नसावी, कुणाचे गुण नसावेत, फोटो काढून गटावर टाकायची सक्तीही नसावी.

सहा महिने हे झालं, तर केंद्रातल्या शिक्षकांना आपल्या मुलांच्या डोक्यात काय चालतं याची जी माहिती मिळेल, ती कुठल्याही साहित्यपेटीत मिळणार नाही. यासाठी नवा निधी लागत नाही, मंत्रालयातून शासन निर्णय निघायची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या शिक्षण परिषदेची विषयपत्रिका केंद्रप्रमुखांच्याच हातात असते. त्यांनी तिच्यातला एक विषय कमी करावा आणि तिथे एक वजाबाकी लिहावी.